सव्वीस नंबरची बॅटरी

धाकटीला जुळं झालं, त्याच साली खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यात चाळीस यंत्रं पुरली. ढिगारा सरकू लागला की यंत्रांनी कळवायचं आणि कचेरीतल्या संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल व्हायचा. पडद्यावर नजर ठेवायचं काम थोरल्या भावाकडे आलं. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी धाकटीचं घर. जुळं चालायला लागलं होतं, तेव्हाची ही दुपार. फोन वाजला तसा त्याने हातातला घास डब्यात ठेवला.

“हॅलो?… बोल चिमे… अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय मला… दार? कुठलं, पुढचं?… अडकतंय म्हणजे? फुगलं असेल ओलीनं. नवऱ्याला म्हणावं रंधा मार… परगावी गेलाय? मग शेजारच्या शिंप्याला सांग… हो, हो, पडद्यासमोरच बसलोय. चाळीसच्या चाळीस हिरवे. नुसतं हिरवं रान… भित्री भागूबाई कुठली!”

“काय?… मागच्या भिंतीतून पाणी?… गढूळ की स्वच्छ?… अगं, ओंजळीत घेऊन बघ ना… माती येतेय?”

त्याने चष्मा लावला आणि पडद्याशी वाकला. ठिपक्यांखाली बारीक आकड्यांत वेळ असते. रंग बघायची सवय लागल्यापासून त्या वेळेकडे कोण बघतो!

“थांब जरा… नऊ वाजून दहा… ह्याच्याखालीही नऊ दहा… चिमे, आता किती वाजले?… तीन?… नाही गं, काही नाही… अगं ऐक ना. सकाळपासून एकही निरोप आलेला नाही. हे हिरवं सकाळचं आहे. शिळं.”

“वरची यंत्रं? असतील जिवंत. बोलतही असतील. पण त्यांचा जीव केवढा! वरून इतक्या लांब हाक मारली तर चार दिवसांत बॅटरी खलास. म्हणून वरचं शेजाऱ्याच्या कानात सांगतं, शेजारी खालच्याच्या… शेवटी सगळ्यांचे निरोप सव्वीस नंबर उचलतो, तुझ्या घरामागचा. तिथून इथे पोचणारा तो एकटाच… हो, तोच मेला. थोरल्या सुनेसारखा अख्ख्या घराचं ओढत होता.”

“नाही, साहेबानं नाही वगळलं त्याला… मी. मला बाराच नव्या बॅटऱ्या दिल्या होत्या. भेगा वर, म्हणून वरच्यांना घातल्या. सव्वीस खाली सपाटीला, त्याला काय धाड भरलीय म्हटलं… माझ्या हातानं, चिमे.”

“शिव्या नंतर घाल. पोरं कुठायत?… उचल दोघांना… चपला राहू देत!… भोंगा? पडदा लाल झाल्याशिवाय तो वाजत नाही, माझ्या हातात नाही तो… शिंप्याला हाक मार. पोरं खिडकीतून दे त्याच्याकडे. त्याला म्हणावं, सगळ्या घरांना उठवत माळावर पळ… घेतली त्यानं?… गेला?… आता तू. तूही टाक उडी.”

“मागे कुठे चाललीस?… चिमे, नको… सासूबाईंना मी आणतो… हो, माहीत आहे, उठवत नाही त्यांना… पाच मिनिटांत येतो… बरं, अर्धा तास. खोटं बोललो… एकटीनं कशी उचलशील? त्यांनाच विचार… काय म्हणतायत?… ‘जा’ म्हणतायत ना? मग ऐक की! जन्मभर सासूचं ऐकलंस, आजच काय झालं तुला?”

“रडू नकोस. मी नाही रडत… पाठुंगळीला घेतलंस? बरं… फोन खिशात टाक, बंद करू नकोस… पुढच्या दारानं?… अडकलंय ना ते! ओढ… अजून जोरात… लाथ मार… नाहीतर त्यांना खिडकीशी ने, आधी तू उतर आणि मग… कसला आवाज?… चिमे, कसला आवाज तो?… सोड त्यांना! ऐकतेस का, सोड, पाया पडतो तुझ्या…”

“हॅलो?… चिमे?… हॅलो?…”

त्या बुधवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, धाकटी आणि तिची सासू ढिगाऱ्याखाली मेल्या.