बसूसाठी आणलेलं पाणी

अप्पा, मामा, रजिया खाला, गल्लीतल्या सगळ्या मावश्यांनो, आणि शिरूर अनंतपाळहून सकाळच्या गाडीनं आलेल्या पाव्हण्यांनो, तुम्ही सगळे आलात. या समाजमंदिरात एवढी माणसं मी माझ्या लग्नानंतर आजच बघते आहे.

मला बोलता येत नाही. मी चित्रं काढते. पुण्यात एका स्टुडिओत टीव्हीसाठी हलणारी चित्रं. माणसानं एक हात वर उचलला एवढं दाखवायला माझी अख्खी सकाळ जाते. पण बोलायचं काम आमच्या घरात कुणी केलंच नाही. मायनं नाही, तिच्या आईनं नाही. म्हणून मी कागदावर लिहून आणलंय.

माझ्या मायबद्दल तुम्हाला एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महानंदाच्या दारातून पाणी पिल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. खरं की नाही? पोस्टमन असो, मतं मागायला आलेले असोत, पाणी पी आणि जा. मला बघायला पाव्हणे आले होते, तेव्हा चहा झाला, पोहे झाले, ते उठले, तर ही तांब्या घेऊन दारात आडवी. नवऱ्याकडचे आठ जण ओळीनं पाणी पीत होते आणि मी आत शरमेनं मरत होते. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत ती बघत राहायची. स्वतः मात्र सगळ्यांच्या नंतर प्यायची. कायम.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अप्पांना कलेक्टर कचेरीत नोकरी लागली आणि माय लग्न होऊन या गल्लीत आली. रजिया खाला सांगतात, नव्या नवरीचा पहिला शब्द त्यांनी ऐकला तो हाच. पाणी पी. खाला तिला चिडवायच्या, की तुझा बाप भिस्ती होता काय गं. माय हसायची. आम्ही सगळे हसायचो.

मग तो उन्हाळा आला. रेल्वेनं पाणी आलं लातूरला, तो. टँकर आठ-आठ दिवस येत नव्हता. तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जण आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळातून जायचे, मला माहीत आहे. महानंदाचं पाणी संपेल म्हणून. तोंडावर नको म्हटलं तर तिला दया केल्यासारखं वाटेल म्हणून. पण ती चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखायची आणि मागच्या दारात तांब्या घेऊन उभी राहायची.

त्याच उन्हाळ्यात मी सुट्टीला आले होते. आमच्या स्टुडिओत एक मालिका चालली होती. दर भागात एक घर, त्या घराची एक गोष्ट. दुष्काळावरचा एक भाग माझ्याकडे आला होता. मी सहज, हसत म्हणाले, "माय, तू सगळ्यांना पाणी का पाजतेस ते सांग की. तेच काढते." मोबाइल चालू करून तिच्यासमोर ठेवला. ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. पण सांगितलं.

बहात्तरचा दुष्काळ. माय सात वर्षांची. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत मायचा धाकटा भाऊ. बसवराज. बसू. दहा महिन्यांचा. त्याला सांभाळायचं काम मायकडे. दुपारी बैलगाडीवर पिंप आलं आणि सगळे पळाले. माय पण डबडं घेऊन पळाली. बसू रडत होता, त्याला पाणी आणावं म्हणून पळाली. बायांच्या रांगेत ती लहान, मागं ढकलली गेली. नंबर लागला, डबडं भरलं. आणि तिनं ते तोंडाला लावलं.

माय मला म्हणाली, "आधी मी पेले. अर्धं डबडं पेले. लई तहान लागली हुती."

झोळीपाशी आली तर बसू गप. तिला वाटलं, झोपला. झोपलेल्याला कशाला उठवायचं? उरलेलं पाणी जवळ ठेवून ती झोका देत बसली. किती वेळ, तिला आठवत नव्हतं. आजी आली. झोळीत वाकून बघितलं. बसूला उचलून छातीशी धरलं. मग खाली ठेवलेलं डबडं उचललं, मायच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू पी."

एवढंच. त्यानंतर आजी तीस वर्षं जगली. बसूचं नाव तिनं परत काढलं नाही. मामा, तुम्ही दोन वर्षांनी झालात. काल मी तुम्हाला हे सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आईनं मला कधी झोळीत घातलं नाही, जमिनीवरच निजवायची. का, ते तुम्हाला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

आणि मायनं शेंगांचं सूप बाजूला ठेवून मला विचारलं, "सुवर्णा, ती रागानं म्हणाली का मायेनं, मला आजून कळलं न्हाई बघ. तुला काय वाटतं?"

मला विचारलं. साऱ्या जगात मला. अप्पा दारात उभे होते, लग्नाला इतकी वर्षं झालेली, ते पण पहिल्यांदाच ऐकत होते. आणि मी काय केलं? मी मोबाइल बंद केला आणि म्हणाले, माय, हे फार भारी होईल गं. भारी. हा शब्द वापरला मी.

मी तो भाग काढला. बाभळ काढली, पिंप काढलं, दोन वेण्यांची, सात वर्षांची माय काढली. शेवट आला आणि माझा हात चालेना. तसं काढू नको असं मला कुणीही म्हणालं नव्हतं. माझं मलाच जमेना. म्हणून मी काय केलं, तर मुलगी येते, बाळाच्या ओठांवर पाण्याचे थेंब सोडते, आणि बाळ डोळे उघडतं.

तो भाग लागला त्या दिवशी आमच्या घरात तुम्ही बरेच जण होतात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. खाला रडल्या. माय उठली आणि तिनं सगळ्यांना पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बसू उठला नव्हता गं."

मी म्हणाले, "माय, टीव्हीवर तसं दाखवता येत नाही."

खोटं बोलले. ती म्हणाली, "हाव." आणि भांडी घासायला लागली. त्यानंतर बसूचं नाव तिनं परत काढलं नाही. चव्वेचाळीस वर्षांनी तिनं एक दार उघडलं होतं, ते मी लावून टाकलं. आजीनं जे केलं तेच. आजी अडाणी होती, तिचं लेकरू गेलं होतं. माझं काय गेलं होतं?

मंडळी, हे असंच उतरत जातं. माझी मुलगी आता सात वर्षांची होईल. शाळेत जाताना मी तिच्यासमोर बाटली धरते आणि संपेपर्यंत बघत राहते. मागच्या महिन्यात ती रडली. म्हणाली, आई, मला तहान नाही गं. मी तरी पाजलं. दुसऱ्या कुणाच्याही आधी मी पाणी पिले तर मला ठसका लागतो. मला बसू कोण हे माहीत नव्हतं तेव्हापासून लागतो.

शेवटचं सांगते. दवाखान्यात मायला तोंडानं पाणी द्यायचं नाही असं सांगितलं होतं. ओठांवर ओला कापूस फिरवायचा, एवढीच परवानगी. जिनं अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं तिला मी कापूस लावत होते. परवा दुपारी मी पेल्यात कापूस बुडवला तर तिनं माझं मनगट धरलं. बारीक आवाजात विचारलं, "तू पेलीस का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग तू पी आधी."

मी पिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला लागते ती ताकद पण नव्हती. नुसती फिकीर होती, लेकरू तहानलेलं आहे याची. मग तिनं कापूस लावू दिला आणि डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं. तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं. मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, माय, आजी रागावली नव्हती. दोनदा म्हणाले. तीनदा म्हणाले. तिनं डोळे उघडले नाहीत. नर्स म्हणाल्या, ऐकू जातं कधीकधी.

कधीकधी. एवढ्यावर मला आता आयुष्य काढायचं आहे.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं. आपण राहू. पण आमच्या घरात ही शांतता फार झाली. म्हणून त्याआधी मी मोठ्यानं बोलते, आणि तुम्ही साक्षीला आहात. बसू उठला नव्हता. तो गेला होता. आणि सात वर्षांच्या तहानलेल्या पोरीनं आधी पाणी पिलं, यात तिची काही म्हणजे काही चूक नव्हती. हे वाक्य मायला तिच्या हयातीत एकानंही म्हटलं नाही. मीही नाही.

दाराजवळ तिची घागर ठेवली आहे. अप्पांनी सकाळी भरली. जाताना कुणीही पाणी पिल्याशिवाय जायचं नाही. आणि पहिला तांब्या मी घेणार आहे. तुमच्या सगळ्यांच्या आधी, तुमच्या देखत. ठसका लागेल. लागू दे.

उभे राहा आता.

हा माझा नमस्कार, माय. शरणू शरणार्थी. शरणू शरणार्थी, बसूमामा.