डबी आभाळात गेली

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जिवंतपणी माणसाला जे दिलं नाही, ते तो मेल्यावर दिलं — तर त्याला पोचतं का?

पोचतं, असं तुम्ही धरूनच चालता. म्हातारा जिवंत असताना श्रीखंड मागतो, तर सून म्हणते, मामंजी, तुम्हाला साखर आहे. आणि वर्षश्राद्धाला? पानात श्रीखंडाचा डोंगर! आता साखर वाढत नाही वाटतं? — हं, त्या पुढच्या काकू पदराआड हसल्या. हसून घ्या काकू, पुढं हसायला फारशी जागा नाही.

एक गाव होतं. नाव घेत नाही, माणसं अजून आहेत. नदीकाठी पेठ, पेठेत भालचंद्र कासारांचं भांड्यांचं दुकान. सगळे त्यांना भालूशेट म्हणत. माणूस सरळ, व्यवहाराला चोख, पण एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. बायको शैलाबाई, आणि एकुलता एक मुलगा मकरंद.

आता या पोराचं डोकं लहानपणापासून वर. बाप तांब्याच्या घागरी मोजतोय, आणि हा घागरीला शेपूट लावली तर ती किती उंच उडेल याचा हिशोब करतोय! शिकला, इंजिनियर झाला. तिकडं दक्षिणेत एक नवी कंपनी रॉकेट बनवत होती, तिथून नोकरीचं बोलावणं आलं. घरात दिवाळी व्हायची की नाही? नाही झाली. भालूशेट म्हणाले, रॉकेट बनवायला जगात पुष्कळ आहेत, हे दुकान बघायला तू एकटा आहेस. पोरानं मनधरणी केली. आईनं पदर पसरला. मामा समजवायला आला आणि नुसता चहा पिऊन परत गेला. बापाचं उत्तर ठरलेलं — मी मेल्यावर जा कुठं जायचं तिथं.

काय बोलतो हो माणूस! मेल्यावर जा म्हणे! बाप ‘मी मेल्यावर’ म्हणाला — आणि गेलं कोण?

लग्नसराई होती. रुखवताची भांडी पोचवायला बापानं पोराला टेम्पोबरोबर धाडलं. घाटात टेम्पो उलटला. भांडी दरीभर विखुरली, आणि पोरगं जागच्या जागी गेलं. बुवा, पखवाज थांबवा जरा. इथं ठेका नको.

दहावा दिवस. नदीवर पिंड मांडले. सगळे लांब सरकून उभे राहिले. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण एक खाली उतरेना. तुम्हाला ठाऊक आहे, अशा वेळी माणसं काय करतात. मामा पुढं झाला, म्हणाला, बाबा रे, तुझ्या आईला मी अंतर देणार नाही. कावळा हलेना. काका म्हणाला, तुझ्या नावानं अन्नदान करू. कावळा नुसता मान वाकडी करून बघतोय! ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, उशीर होतोय, दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. मग भालूशेट पुढं आले. हात जोडले आणि म्हणाले, “मकरंदा, तुला आभाळात पाठवतो. बापाचा शब्द आहे.”

आणि कावळा शिवला.

का शिवला? भूक लागली म्हणून शिवला की पोराला पटलं म्हणून शिवला? मला विचारू नका. मी कीर्तनकार आहे, कावळा नाही. पण भालूशेटना मात्र वाटलं की पोरानं ऐकलं, माफ केलं. त्यांनी त्या दिवशी अस्थी नदीत सोडल्याच नाहीत. गडू तसाच परत आणला आणि परसातल्या शेवग्याला टांगला. अस्थी घरात घेत नाहीत ना, म्हणून झाडाला. गुरुजी ओरडले, भावकी ओरडली, अरे त्याला अडकवून ठेवलंस. भालूशेट म्हणाले, शब्द दिलाय. शैलाबाई रोज परसात पाणी तापवायला जात, तेव्हा तो गडू डोक्यावर लोंबत असे. वाऱ्यानं हलला की त्या बंब तसाच सोडून आत येत. काय वाटत असेल त्या माउलीला? पोटचा पोर झाडाला टांगलेला!

असं वर्ष सरलं, आणि बातमी आली. त्याच कंपनीचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडणार. आता रीत अशी, की पहिल्या उड्डाणाला मोलाचं काही ठेवत नाहीत. पडलं तर? म्हणून वजनाला नुसते धोंडे नाहीतर लोखंड भरतात. या कंपनीनं ठरवलं, धोंड्यांऐवजी लोकांनी पाठवलेल्या लहानसहान वस्तू नेऊ. मग काय विचारता! कुणी आजोबांची कवळी पाठवली. कुणी लग्नातल्या हाराचं निर्माल्य. एका पेढेवाल्यानं पेढा पाठवला, म्हणजे पाटीवर लिहायला बरं, आमचा पेढा अंतराळात! एका पुढाऱ्यानं स्वतःचा फोटो पाठवला. इथं बोर्ड लावायला चौक उरला नसेल, दुसरं काय.

भालूशेटनी डबी केली. दुकानात तयार डब्यांची रास होती, पण नाही, कैक वर्षांनी स्वतः हातोडी धरली. काड्यापेटीएवढी तांब्याची डबी, ठोकून, घासून. तीत चिमूटभर राख मावली. उरलेली त्यांनी नदीत सोडली, आणि डबी घेऊन स्वतः कंपनीकडं निघाले.

आणि तिथं, मंडळी, तिथं त्यांनी काय पाहिलं? मकरंदच्या वयाची पोरं. एका बाकावर डबे उघडून जेवत बसलेली, एकमेकांच्या डब्यातली भाजी ओढतायत, हसतायत. एका पोरीनं दोन्ही हातांनी डबी घेतली, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, काका, हे कोण? त्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिच्याकडं भालूशेट बघत राहिले.

रॉकेट उडालं. पडलं नाही! कुठं चुकलं नाही, ठरल्या जागी जाऊन पोचलं. पेठेत दुकानासमोर मोठा पडदा लावला होता. टाळ्या, गुलाल, पेढे. दुसरा कुणी बुवा इथं आख्यान संपवील. बापानं शब्द पाळला, पोराला मुक्ती मिळाली, म्हणा रामकृष्णहरी! मलाही तसंच संपवायला आवडलं असतं.

पण भालूशेट पेढ्याचा पुडा घेऊन घरात गेले. शैलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या, पडद्याकडं फिरकल्या नव्हत्या. भालूशेट म्हणाले, “अगं, पोचला आपला मकरंद.”

शैलाबाईंनी पेढा घेतला नाही. वर्षभर ज्या बाईनं अवाक्षर काढलं नव्हतं, ती म्हणाली, “राख पोचली. मकरंद बॅग भरून उंबऱ्यात उभा होता, तेव्हा त्याला तुमच्या तोंडून नुसतं ‘जा’ हवं होतं. पैसा नको, रॉकेट नको, एवढंच. तो शब्द आता कुठल्या डबीत घालून पाठवाल?”

भालूशेट तिथंच खाली बसले. ‘जा’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण म्हणणार कुणाला? उंबरा रिकामा होता. माणूस अजून जिवंत आहे, दुकान चालतं, गिऱ्हाइकाला भांडं दाखवतो. पण गिऱ्हाईक ‘येतो’ म्हणालं, की त्याला उत्तर देत नाही.

तर मंडळी, विचारलं होतं, पोचतं का? मी इथं उभा राहून वाटेल ते गोड सांगू शकतो, तुम्ही मानही डोलवाल. नाही पोचत. कावळा शिवला तरी नाही पोचत, रॉकेट पोचलं तरी नाही. ज्यांचं माणूस असं मागून, न मिळताच गेलंय, त्यांना द्यायला माझ्या झोळीत काही नाही. मी शोधलं. नाही सापडलं.

पण तुमच्यातल्या कुणाच्या घरी आज कुणीतरी काहीतरी मागून गप्प बसलंय. मान खाली घालू नका, मला दिसतंय कोण कोण ते. आज गजर नाही, टाळ ठेवा खाली. आरती मी एकटा करीन. तुम्ही उठा, चपला शोधत बसू नका, आणि तुमचं माणूस अजून उंबऱ्यात उभं आहे तोवर घरी पोचा.