आठ मोजून सोडा

रुखमाबाई : सोडा. सोडा म्हन्लं ना. काऊन धरून ठेवला?

पुंजाजी : सोडूनच राह्यलो.

रुखमाबाई : काय सोडून राह्यले. चार मोजून घेतला, मंग म्या मनात सात-आठ मोजले तरी छाती फुगलेली ते फुगलेलीच. माहा हात हाय तुमच्या पोटावर, मले समजते.

पुंजाजी : सवय हाय वं. तीस साल विहिरीत बुड्या मारल्या. हवा आत आली का आपोआप झाकन लागते.

रुखमाबाई : ते झाकन पान्यात लावत जा. ही ओसरी हाय. खामगावच्या डॉक्टरनं काय सांगतलं? चार मोजून नाकानं घ्या, आठ मोजून सोडा, मधात थांबू नका. जो धरून ठेवन त्याचं प्रेशर उतरायचं सोडून चढन.

पुंजाजी : डॉक्टर पोहला हाय का कधी?

रुखमाबाई : नसन पोहला. पन दोनशे दहाचा आकडा त्यानंच पाह्यला. नाकातून रगत कोनाच्या आलं होतं, त्याच्या का तुमच्या? डाव्या हाताची मूठ अजून वळत नाई तुमची. गोळी घेतली का सकाळची?

पुंजाजी : घेतली.

रुखमाबाई : मंग मिटा डोळे. एक. दोन. तीन.

कडूबा : पुंजाजीभाऊ हायत का घरात?

रुखमाबाई : कोन, कडूबा कोतवाल? तठीच टेक जरासक. भाऊचा श्वास चालू हाय. तुमी डोळे उघडू नका.

कडूबा : वयनी, टेकाले फुरसत नाई. महादेवरावाची धाकली सून, कोकिळा. मळ्यातल्या विहिरीत गेली.

पुंजाजी : कवा?

कडूबा : उजाडता उजाडता. पान्याले गेली होती म्हनतात. घागर काठावर उभी हाय, रिकामी. दोन घंटे होऊन गेले आता.

रुखमाबाई : अरे देवा. कालपरवा तर दिसली होती. दोन लेकी हायत तिले, धाकली रांगते.

कडूबा : महादेवराव मालकानं मले पाठवलं. म्हने, पुंजाजीले घेऊन ये, बंडीत बसवून आन. गावात पोहनारे दहा हायत, भाऊ, पन सात पुरुस खोल पान्यात तळाले हात लावनारा कोनी नाई. दोन येळा गळ टाकला, काही लागलं नाई.

पुंजाजी : गळ कोनी टाकाले सांगतला?

कडूबा : मालकानं. घागरी काढायचा चार आकड्यांचा गळ, तोच.

पुंजाजी : थांबवा म्हना. मानूस काय बादली हाय का? तीस सालात अकरा जन वर आनले म्या. एकाच्याही तोंडाले ओरखडा नाई. लहानपनी मामाच्या गावाले गळानं काढलेला मानूस पाह्यला होता. आकडा गालात गेलता. त्याची बायको जवळ येऊन म्हने, हा आमचा नोहे. तवापासून पान्यात उतराले लागलो मी.

कडूबा : म्हनूनच तर आलो. तिची माय जानेफळहून येऊन राह्यली. जीप पाठवली मालकानं. दुपारपर्यंत येते. तिनं काय पाहावं, तुमीच सांगा.

रुखमाबाई : कडूबा, तू जा. नांदुऱ्याहून कोनी पोहनारा आना म्हना.

कडूबा : तो येईपर्यंत सांज होईन, वयनी. आन त्याले ही विहीर कुठी ठाऊक हाय?

पुंजाजी : माहा लंगोट कुठी हाय?

रुखमाबाई : बसा खाली.

पुंजाजी : एकच बुडी. उतरलो आन आलो.

रुखमाबाई : उतरसान. येसान का नाई ते डॉक्टरनं सांगून ठेवलं हाय. पान्यात दम धरला तर डोक्यातली शीर फुटन म्हने. मंग त्या विहिरीतून दोघं काढा लागतीन. पाहा, उभं राहाले भिंत धरा लागली तुमाले.

पुंजाजी : बसून बसून पाय आखडले.

रुखमाबाई : पाय नाई आखडले. घेरी आली. मी काय आंधळी हाय?

पुंजाजी : बरं. तू सांग. जा म्हनशीन तर जातो. बस म्हनशीन तर बसतो.

रुखमाबाई : हे माह्यावर काऊन टाकता?

पुंजाजी : मले इचारशीन तर मी जाईन.

कडूबा : वयनी, मालकाले काय सांगू? ठान्यातला जमादार येऊन बसला हाय तठी, पंच गोळा झाले. मले खाली हात जाता येत नाई.

रुखमाबाई : सांग, रुखमानं नाई म्हन्लं. माहंच नाव सांग. त्या पोरीसाठी माहा जीव तुटते रे, खोटं नाई सांगत. पन ते गेली. हे जिते हायत. बसा तुमी. बसा म्हनते ना मी.

पुंजाजी : बसलो.

कडूबा : मंग गळच टाका लागन.

पुंजाजी : थांब. आता टाकायचाच हाय तर नीट आयक. मधात टाकू नका. उत्तरेच्या आंगाले, पायऱ्यांच्या समोर, दोन पुरुस खोल एक कपार हाय. पावसाळ्यात पानी चढलं का दिसत नाई. तठी सोडा.

रुखमाबाई : तठीच असन हे कायच्यावरून?

पुंजाजी : असन. आन कडूबा, गळ लागला का हिसका देऊ नका. हिसक्यानंच फाटते. दोर तू धर, दुसऱ्याच्या हाती देऊ नको. आठ मोजत जा आन एक हात दोर वढ. मंग परत आठ.

कडूबा : आठ मोजून एक हात.

पुंजाजी : पाय घसरून पडली असन तर पदर मोकळा तरंगते, गळ त्याच्यात गुंतते. मंग काही भेव नाई.

कडूबा : घसरलीच म्हनतात मालक.

पुंजाजी : तर मंग पदर मोकळा असन. जानूनबुजून जानारी बाई पदर कमरेले आवळून गाठ मारून जाते. वर काढतीन तवा आंग उघडं पडू नये म्हनून. अकरापैकी सहा बाया होत्या. म्या हे कोनाले सांगतलं नाई आजवर.

कडूबा : निघतो मी, भाऊ.

रुखमाबाई : नाकानं घ्या. डोळे पुसा पहिले. एक. दोन.

(दुपार कलली आहे. ओसरी तीच. पुंजाजी भिंतीला टेकून, रुखमाबाई शेजारी. कडूबा परत आला आहे.)

कडूबा : निघाली, भाऊ.

पुंजाजी : कुठी होती?

कडूबा : तुमी सांगतलं तठीच. कपारीत. पहिल्याच खेपेले गळ लागला. लोकं मांगून वरडत होते, वढ, वढ. म्या नाई आयकलं. आठ मोजलं, एक हात. आठ मोजलं, एक हात. हाताची सालं निघाली.

रुखमाबाई : आन तोंड?

कडूबा : जसंच्या तसं, वयनी. निजल्यावानी. तिच्या मायनं जीपमधून उतरल्याबरोबर दोन्ही हातात धरलं. बराच येळ तशीच बसली होती. कोनी हटवलं नाई.

रुखमाबाई : बरं झालं बाप्पा. तेवढं तरी बरं झालं. आयकलं का? म्या म्हन्लंच होतं, तुमच्याबिगर होईन. सकाळपासून चूल सुदिक पेटवली नाई म्या.

पुंजाजी : गळ कुठी अडकला होता?

कडूबा : पानी द्या जरा, वयनी.

पुंजाजी : कडूबा.

कडूबा : कमरेले. पदराच्या गाठीत. लय पक्की गाठ होती, भाऊ, दोन येळा मारलेली. वली झाल्यावर बायांच्या हातानं सुटे ना. त्या गाठीनंच तोंड वाचलं तिचं.

रुखमाबाई : पंचनाम्यात काय आलं?

कडूबा : पाय घसरून. जमादारानं लेहलं, मालकानं सही केली, म्या आंगठा देल्ला. मले काय इचारता, वयनी. मी कोतवाल हाय. दोन लेकींवर पोरगा पाह्यजे म्हनून घरात तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या सोयरिकीचं चाललं होतं, ते तर साऱ्या गावाले ठाऊक हाय. ते कुठी लेहतात का?

रुखमाबाई : जा तू. आंघोळ कर, दोन घास खाय. हाताले हळद लाव.

कडूबा : येतो, भाऊ. श्वासाचं चुकवू नका.

रुखमाबाई : गेला. आता सांगा. कपारीचं तुमी सकाळी एवढं खातरीनं कसं सांगतलं?

पुंजाजी : चीनच्या लढाईच्या साली तिची तांब्याची घागर काढली होती म्या. आठवते का? नवी नवरी होती. खुश होऊन तिनं गुळाचा खडा ठेवला माह्या हातावर. म्हने, आजा, एवढा येळ लागला, कुठी गेलती घागर? म्या फुशारकीनं सांगतलं, उत्तरेले कपार हाय, तिच्यात गेलेली वस्तू माह्याबिगर कोनाले गावत नाई. ते म्हने, आन तुमी नसले तर? म्या म्हन्लं, मंग राह्यते तठीच.

रुखमाबाई : चार सालं झाले त्याले. तेवढं ध्यानात राह्यलं असन का तिच्या?

पुंजाजी : कपारीत आपोआप कोनी जात नाई. पायऱ्यांवरून घसरली असती तर बुडाले सापडली असती. आत हात घालून धरा लागते तठी.

रुखमाबाई : अजी.

पुंजाजी : काय?

रुखमाबाई : सोमवारी आली होती ते. तुमी निजले होते. वाटीभर दही घेऊन आली, आजाले कसं हाय म्हने. म्या सांगतलं सारं. प्रेशरचं, डॉक्टरचं. तिनं इचारलं, मंग आता पान्यात उतरत नाई ना आजा? म्या म्हन्लं, नाई बाई, आता कधीच नाई.

पुंजाजी : मंग काय म्हने?

रुखमाबाई : बरं म्हने. वाटी उद्या नेईन म्हने. ते पाहा, कोनाड्यात हाय अजून. घासून ठेवली म्या.

पुंजाजी : सापडूच नये असं वाटलं असन तिले, गाठ मारली ते सापडलीच तर म्हनून. आन म्याच दाखवून देल्ली.

रुखमाबाई : तुमी नसतं सांगतलं तर मायनं काय पाह्यलं असतं? आता नका इचार करू. मुंग्या येऊन राह्यल्या ना हाताले? द्या इकडं. संध्याकाळचा श्वास राह्यला हाय. मिटा डोळे. नाकानं घ्या. एक. दोन. तीन. चार. आता सोडा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सोडला?

पुंजाजी : सोडला.

रुखमाबाई : पूर्न?

पुंजाजी : पूर्न. तू कवापासून धरून बसली हायस, रुखमा? तू बी सोड.