न पाहिलेली खार

करामाच्या बसस्टॉपवर पुढे उभ्या असलेल्या, बागकाम करणाऱ्या दोघा माळ्यांचं बोलणं ऐकून आभाने मोबाइल बंद केला आणि कान टवकारले.

"बाबाजी, तुझ्या अरब मालकाच्या, त्या अरबाबच्या व्हिलातली आफ्रिकेची खार पळाली म्हणे?"

"मी तर ती बघितलीसुद्धा नाही, नीलेश."

"झाडावर असेल बसलेली."

"छे! ती उघड्या माळावर बीळ करून राहते."

"आपल्या खारीसारखे पट्टे?"

"दोन्ही कुशींना एकेकच, पांढरा. अंग दालचिनीच्या रंगाचं, कान एवढुस्से."

"न बघताच?"

"...लोक सांगतात."

"मग हातातल्या या पिशवीला भोकं कशाला पाडलीस?"

"फरशी उकरून तिची नखं फुटली रे. डॉक्टरला दाखवून परत नेऊन ठेवतो."

"नोकरी जाईल तुझी!"

"तू सांगणार आहेस?"

"यल्ला, चल चल, बस आली. आधी तिचं शेपूट आत घे."