बिळाचं दुसरं तोंड

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. जागा आहे. मला बोलायची सवय नाही. केळीच्या वाडीत काम करणारा माणूस मी, चार जणांसमोर उभं राहायची वेळ कधी येत नाही. त्यात आज घरून बजावून पाठवलंय, दोन शब्द बरे बोला आणि खाली बसा. बघू कसं जमतं.

आपण सोमासाठी जमलो आहोत. सोमा मुंगूसवाला. फळ्यावर 'कै. श्री. सोमाजी' असं लिहिलंय, अक्षर सुंदर आहे. पण मला सांगा, वीस वर्षं हा माणूस कामणहून आपल्या वटारला येत होता, तेव्हा त्याला 'श्री' कोणी म्हटलं? आपण म्हणायचो, ए मुंगूसवाल्या, इकडे ये. मीही म्हणायचो. आता तो 'ओ' देणार नाही, तर आपल्याला मान द्यायचं सुचलं.

इथे नोकरीवाली नवीन मुलं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. घूस बांध पोखरते. पाटात सोडलेलं पाणी बिळात जातं आणि केळी सुकी राहते. मग आपण सोमाला निरोप धाडायचो. कामणच्या डोंगरात जाळी लावून ससे धरणाऱ्या घरातला तो. खांद्याला टोपली, टोपलीत रंगी. रंगी म्हणजे त्याची मुंगशीण. पिल्लू होती तेव्हापासून वाढवलेली, गळ्यात एक घुंगरू. सोमा आधी बांधाच्या दोन्ही अंगांनी फिरायचा. बिळाची तोंडं मोजायचा. दोन ठेवून बाकीची मातीने बुजवायचा. एका तोंडावर जाळं, दुसऱ्यातून रंगी आत. मग हा जमिनीला कान लावून आडवा पडायचा आणि घुंगरू कुठे वाजतंय ते ऐकत बोट सरकवायचा. "हितं हाय. आता हितं आली." आणि घूस धडकन जाळ्यात यायची. घूस तो घरी न्यायचा, खायला. त्याला नाकं मुरडणारे आपणच, आणि बांध वाचला म्हणून खूश होणारेही आपणच.

त्याचे दोन नियम होते. पहिला, रंगी आत जाऊन बाहेर आल्याशिवाय बिळात हात घालायचा नाही. आत काय बसलंय ते आधी तिला कळतं. दुसरा नियम आपल्यासाठी होता. तो म्हणायचा, "दादा, ज्या बिळात उंदराची दवा टाकाल त्याच्या तोंडाला चुना फासा. रंगीला वाचता येत न्हाय, पन मला दिसतं." बास. एवढंच मागणं होतं त्याचं. चुन्याची डबी आपल्यापैकी कोणाच्या खिशात नसते?

मी चुना फासला होता. हे मी गेले बारा दिवस प्रत्येकाला सांगतोय. घरी सांगितलं, नाक्यावर सांगितलं. मी फासला होता, बांधाच्या माझ्या अंगाला. माझ्या हद्दीत.

आता बाकीचं सांगतो. हरी, उठू नकोस, बस. तुझं नाव घेणारच आहे, पण आधी माझं घेतो.

हरी माझा सख्खा चुलतभाऊ. आमच्या दोघांच्या वाड्यांच्या मधोमध एकच बांध. तो बांध कोणाच्या बाजूला वीतभर सरकला यावरून आम्ही सात वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. बांधावर एरंड आणि निवडुंग इतका माजलाय की पलीकडचं दिसत नाही. दोघांपैकी कोणी तो कापत नाही, कारण कापला तर बांध आपला नाही असं कबूल केल्यासारखं होईल. असली आमची अक्कल. मी माझ्या अंगाने त्या बांधातल्या बिळात दवा घातली, गुळात मळून. बिळाला दुसरं तोंड हरीच्या अंगाला असणार हे मला माहीत होतं. लहान मुलालाही माहीत असतं. पण त्याच्या हद्दीत पाय टाकून चुना कोण लावणार? मी? मरेन पण टाकणार नाही, असं म्हणालो. मेला दुसराच.

दोन दिवसांनी हरीने सोमाला बोलावलं. मी माझ्या बाजूला पाट मोकळा करत होतो. एरंडाच्या पलीकडून सगळं ऐकू येत होतं. सोमा म्हणाला, "दादा, पलीकडून जरा बघून येतो." आणि हरी म्हणाला, "त्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. माझ्या बाजूने काय करायचं ते कर." सोमाने पुन्हा विचारलं. "दादा, दवा तर न्हाय ना टाकली कोनी?" हरी म्हणाला, मी नाही टाकली.

खोटं नव्हतं ते. त्याने टाकलीच नव्हती.

आणि मी, मंडळी, हातात कुदळ घेऊन उभा होतो. वीस पावलांवर. एक हाक मारायची होती, सोमा, थांब, दवा आहे. चार शब्द. मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, मला कोणी विचारलंय? हरीला गरज असेल तर हरीने येऊन विचारावं. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. ती मजा मला बघायची होती. मी कुदळ पुन्हा चालवायला लागलो.

घुंगरू वाजलं. बराच वेळ वाजलं. मग वाजायचं थांबलं. रंगीला आत दवा खाऊन मेलेली घूस सापडली असणार, आणि ती तिने खाल्ली असणार. सोमा हाका मारत राहिला, रंगे, ये गं, रंगे. अर्धा तास गेला, एक तास गेला. मग आतून तिचं कण्हणं ऐकू आलं, आणि सोमाने आपला नियम मोडला. खांद्यापर्यंत हात घातला. त्याच बिळात आडबाजूला घोणस होती. रंगी धड असती तर तिने ती आधी हुडकली असती. सोमाने हात बाहेर काढला तेव्हा मुठीत रंगी होती. तिला त्याने सोडलं नव्हतं. इस्पितळाच्या वाटेवर टेम्पोतच तो गेला.

आता शोकप्रस्ताव तयार झालाय. मी वाचला. 'सर्पदंशाने आकस्मिक निधन.' माझ्या आधी आंतोनसर बोलले, चांगले बोलले, देवाच्या मनात होतं असं म्हणाले. सर, राग मानू नका, देवाला यात ओढू नका. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं ते मी आत्ता सांगितलं. हरीच्या मनात काय होतं ते हरी सांगेल, त्याला लाज असेल तर. आकस्मिक म्हणजे काय? दोन भावांनी सात वर्षं मेहनत करून घडवून आणलेलं मरण हे. सापाने शेवटचं काम केलं, तेवढंच. तो प्रस्ताव असाच मंजूर होणार असेल तर माझी सही त्यावर नको. आणि ज्यांना हे सगळं आधीच माहीत होतं, ज्यांनी मला गाठून सांगितलं की झालं गेलं, आता वाच्यता कशाला, गावाचं नाव जाईल, ते तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनीही सही करताना विचार करावा.

सोमाची बायको, ठकूबाई, तिकडे दाराजवळ खाली बसली आहे. सभा तिच्या नवऱ्याची, आणि खुर्च्या आपल्याला. तिला बारा दिवस आपण एकच सांगितलं, साप चावला, नशीब. ती मान हलवते.

वहिनी, नशीब नव्हतं. मी बोललो असतो तर सोमा आज घरी असता. हे तुम्हाला तुमच्या घरी येऊन सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून इथे सांगतोय, सगळ्यांदेखत. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही मला.

अध्यक्षसाहेब, आता रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं उभं राहून गप्प राहायचं असतं. गप्प कसं राहायचं ते मला आणि हरीला कोणी शिकवायला नको, आम्ही त्यात तरबेज आहोत. पण उभे राहा सगळे. आणि ही दोन मिनिटं नुसती जाऊ देऊ नका. वहिनी, तुम्ही इथे पुढे या. तुम्हाला जे बोलायचं असेल ते बोला, शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या द्या. दोन मिनिटं लागोत नाहीतर दोन तास. तुमचं होईपर्यंत आमच्यातला कोणी खाली बसणार नाही.