मागे बघणारे ससे

नाही, तसं नाही हो, तेलवाला माणूस चांगलाच आहे, ओताने मावशी — इमारी बंदरात स्वतःचं दुकान, स्वभावाने शांत, मी कुठे नावं ठेवतेय? तुम्ही एवढा आमच्या आरिता गावचा चढ चढून माझ्यासारख्या विधवेसाठी स्थळ घेऊन आलात, मुळ्याचं लोणचं तरी घ्या. आणि जरा सरकून बसा — त्या बशा कच्च्या आहेत. आमच्याकडे कच्च्या मातीवरच निळ्या रंगाने चित्र काढायचं, वरून झिलई, नि मग थेट भट्टीत. चित्र जिन्पाचीचं, झिलईत बुडवायचं काम माझं. जिन्पाची कोण? — अहो तोच, बाप कोरियाहून आलेला, तो घुम्या. बोलायचं म्हणजे जिवावर येतं त्याच्या. पण बगळा काढला तर वाटतं, आता उडेल — ससा मात्र, खोटं कशाला बोलू, गाढवासारखा यायचा. मी तोंडावर म्हटलं, 'अहो, याच्यावर लाकडं लादून आणा.' सगळी भट्टी हसली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचे ससे पळता पळता मान वळवून मागे बघायला लागले. मालक वैतागले — 'पुढे बघणारे काढ, गिऱ्हाईक विचारतं, याच्या मागे कोल्हा लागलाय का.' हा कुंचला बुडवणार, नि पुन्हा तेच. आता त्याच्या मागे काय असतं म्हणाल, तर काय असणार — झिलईचं पिंप. आणि मी.

हसताय काय मावशी. बुडवताना बशी बुडाशी धरावी लागते, बोटांचे ठसे उमटतात. मालक म्हणाले, पूस ते. तर हा चक्क बोलला — 'राहू द्या. काम दोघांचं आहे, दोघांचं दिसू दे.' 'मग दुसरी भट्टी बघ,' मालक म्हणाले. हा कुंचला ठेवून उठलाच — शेवटी मालकांनीच हाताला धरून बसवला, बगळे कोण काढणार? मी त्या दिवशी घरी जाऊन कितीतरी वेळ हातच धुतले नाहीत. म्हणजे — पाणी फार गार होतं, म्हणून.

तेलवाल्याला काय सांगायचं? सांगा, तिचा हात झिलईचा, तेलाने घसरेल. आता अशा दाराकडे का बघताय? कोण — जिन्पाची? तुम्ही... केव्हापासून उभे आहात? ... मावशी, निघा तुम्ही. उतार आहे, जपून जा.