फ्लॉपीची दसऱ्याची पूजा

यार, तुमचा विश्वास बसणार नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत एडिसनला होतो. इंडियातून आलेले बाबा आठवणी सांगायचे आणि मी त्या रोमन लिपीत कॉम्प्युटरवर टाइप करायचो. तेव्हा सगळं फ्लॉपी डिस्कवरच साठवायचं; अख्खं पुस्तक एका फ्लॉपीत मावलं!

बाबा परत गेले, दसरा आला. ऑफिसातून घरी येऊन बघतो, तर देव्हाऱ्यासमोर फ्लॉपी आणि तिच्या खाचेतून दिसणाऱ्या चकतीवर ओलं हळदकुंकू!

मी बायकोवर ओरडलोच, "अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, यात बाबांचं पुस्तक आहे? मग दसऱ्याला पुस्तकाची पूजा नको?"

मी चकती पुसून पाहिली, पण ती कामातून गेली होती. "आणि दुसरी कॉपी कुठाय?"

"तिलाही वाहिलंय. एकीची पूजा करायची आणि दुसरीला तसंच ठेवायचं, बरं दिसतं का ते?"